घरांतील गाणें : तबकडीपासून संगणकापर्यंत

एकलहऱ्यास राहणाऱ्या मनुष्याला विजेचें महत्त्व निराळें सांगावयास नको. गोदावरीच्या कांठीं उभीं असलेलीं औष्णिक विद्युत् केंद्राचीं धुराडीं आमच्या ओटीवरून दिसतात. तेथें २१० मेगावॅटचे तीन संच आहेत. त्यांचीं जनित्रें मिनिटाला ३००० फेरे घेतात, म्हणजे सेकंदाला ५०. आणि आपल्या घरांतील दिव्यांत व पंख्यांत जी वीज येते तिचीं आवर्तनेंहि सेकंदाला ५० असतात, तीं या फेऱ्यांच्याच हिशेबानें. शाळेंत असतां हा हिशेब मीं मुलांकडून कित्येक वेळां फळ्यावर करून घेतला आहे. परंतु ही पन्नासची संख्या एके दिवशीं माझ्याच दिवाणखान्यांत 'घूं' असा आवाज करीत येऊन उभी राहील, असें मात्र कधीं वाटलें नव्हतें.

झालें तें असें. मी सेवानिवृत्त झाल्यावर मुलानें घरांत संगणक आणला. आमच्याकडे एक जुना स्टिरिओ आहे : एक अ‍ॅम्प्लिफायर, लाकडी पेटीचे दोन स्पीकर, आणि एक कॅसेटचा डेक, जो अलीकडे क्वचितच चालत असे. संगणकांत गाणीं आहेत, स्टिरिओला गळा आहे. मग मध्यें एक वायर घातली म्हणजे काम झालें, अशी माझी समजूत. वायर घातली, आणि गाण्याच्या आधीं तो 'घूं' ऐकूं आला. त्याचा बंदोबस्त कसा केला तें पुढें येईलच. पण त्या निमित्तानें मी विचार करूं लागलों. महाराष्ट्रांतील घरांत यंत्राचें गाणें शिरून आतां शंभरांवर वर्षें झालीं. या काळांत यंत्रें पांचसहा वेळां बदललीं, आणि बहुतेक प्रत्येक वेळीं आपण नवें यंत्र जुन्यालाच जोडून घेतलें. गाणें राहिलें कीं गेलें, हें पुष्कळदां यंत्रावर ठरलें नाहीं. तें त्या सांध्यावर ठरलें. आजचें भाषण या सांध्यांविषयीं आहे.

थॉमस एडिसन यानें सन १८७७ मध्यें फोनोग्राफ सिद्ध केला आणि त्यानंतर दहा वर्षांनीं एमिल बर्लिनर यानें सपाट तबकडीचा ग्रामोफोन काढला, ही हकीकत पाठ्यपुस्तकांतून सर्वांस ठाऊक आहे. आपल्या देशांत गाणें तबकडीवर पद्धतशीरपणें उमटूं लागलें तें सन १९०२ च्या नोव्हेंबरांत. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायस्बर्ग नांवाचा तज्ज्ञ कलकत्त्यास उतरला व त्यानें गोहरजान आदि कलावंतांचीं गाणीं मेणाच्या चकत्यांवर उतरून घेतलीं. त्या चकत्या जर्मनींत हॅनोव्हर येथें जात; तेथें त्यांवरून तबकड्या छापल्या जात; आणि मग त्या बोटीनें परत इकडे विक्रीस येत. गाणें संपतांच गोहरजान इंग्रजींत आपलें नांव पुकारीत असे. दूरच्या कारखान्यांतील कारागिराला कोणतें गाणें कोणाचें हें कळावें म्हणून ती सोय होती, असें सांगतात. पुढें सन १९०८ मध्यें कलकत्त्यास सियालदह येथेंच कारखाना निघाला. तबकडी बनत असे लाखेची, आणि ती लाख मुख्यतः आपल्याच देशांतून जगभर जाई. म्हणजे झाड आपलें, किडा आपला, गळा आपला. नफा तेवढा परका. असो.

त्या काळच्या ध्वनिमुद्रणांत विजेचा संबंध नव्हता. गवयानें एका मोठ्या कर्ण्यापाशीं तोंड नेऊन जोरानें गावयाचें, कर्ण्याच्या दुसऱ्या टोकाचा पडदा थरथरावयाचा, आणि त्या थरथरीनें सुईनें मेणांत रेघ ओढावयाची. तंबोऱ्यासारखा मृदु आवाज त्या कर्ण्यांत जवळजवळ शिरतच नसे. शिवाय दहा इंची तबकडीची एक बाजू सुमारें तीन मिनिटांची. ज्या गवयाला एका रागाची नुसती बढत करावयास पाऊण तास लागावा, त्याला सांगावयाचें कीं, स्थायी, अंतरा, ताना सर्व तीन मिनिटांत उरका! हा जुलूम सर्वांनींच पत्करला असें नाहीं. पुण्यास भारत गायन समाज स्थापन करणारे आणि 'स्वयंवर' नाटकाला चाली देणारे भास्करबुवा बखले सन १९२२ मध्यें निवर्तले. जयपूर-अत्रौली घराण्याचे अध्वर्यु अल्लादियाखांसाहेब तर सन १९४६ पर्यंत मुंबईस हयात होते. दोघांच्याहि हयातींत तबकडीचें यंत्र इकडे येऊन रुळलें होतें, आणि दोघांचाहि आवाज आज आपणांस ऐकावयास मिळत नाहीं. त्यांचें गाणें शिष्यांच्या गळ्यांत राहिलें, आठवणींच्या पुस्तकांत राहिलें. पण प्रत्यक्ष तो आवाज कसा होता, हें आतां कोणालाहि सांगतां येणार नाहीं. गाणें आणि यंत्र यांचा सांधा जुळला नाहीं, याचें याहून मोठें उदाहरण मला ठाऊक नाहीं.

ज्यांनीं तीन मिनिटांची अट मान्य केली त्यांचें काय झालें, तेंहि पाहिलें पाहिजे. सन १९२५ च्या सुमारास कर्णा गेला व मायक्रोफोन आला. विजेच्या या पद्धतीनें आवाजांतील नाजुक भाग प्रथमच तबकडीवर उतरूं लागला. मिरजेस राहणारे अब्दुल करीमखांसाहेब सन १९३७ मध्यें वारले. त्यांच्या अखेरच्या वर्षांतील तबकड्या या नव्या पद्धतीच्या आहेत, आणि त्या आजहि ऐकणाराला जागच्या जागीं बसवितात. भीमसेन जोशी यांनीं लहानपणीं गदग येथें खांसाहेबांची तबकडी ऐकली आणि त्या ओढीनें गुरूच्या शोधांत घर सोडलें, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. आमच्या नाशिकला याहून जवळचें उदाहरण आहे. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनीं उत्तरायुष्यांत नाशकास रामनाम-आधाराश्रम स्थापिला होता. त्यांचे चिरंजीव दत्तात्रेय हे सन १९५५ मध्यें अवघ्या चौतीस वर्षांचे असतां गेले. त्या अल्प आयुष्यांतील गाणें आज आपल्या कानीं पडतें तें तबकड्यांमुळें आणि नभोवाणीनें जपून ठेवलेल्या मुद्रणांमुळें.

नभोवाणी मुंबईस सुरू झाली ती २३ जुलै १९२७ रोजीं. रेडिओ घरांत आला आणि ग्रामोफोनची किल्ली, कर्णा हीं सर्व जुनाट वाटूं लागलीं. परंतु तबकड्या तर लोकांनीं पैसे खर्चून घेतलेल्या. तेव्हां रेडिओ बनविणारांनीं एक शहाणपणाची गोष्ट केली. रेडिओच्या पाठीमागें, एरियलच्या भोकांशेजारीं, आणखी दोन भोकें ठेविलीं. त्यांवर 'ग्राम' किंवा 'पी. यू.' अशीं अक्षरें असत. तबकडीवर विजेचा पिकप ठेवावयाचा, त्याची वायर त्या भोकांत खोवावयाची, आणि रेडिओच्या व्हॉल्व्हांकडून तबकडीचें गाणें मोठें करून घ्यावयाचें. सधन घरांतून दोन्ही यंत्रें एकाच शिसवी कपाटांत बसवून 'रेडिओग्राम' या नांवानें मिरवूं लागलीं. बाकीच्यांनीं तीच गोष्ट वायरीनें केली. आज आपण संगणकाची वायर स्टिरिओच्या पाठीमागें खोवतों, ती कांहीं नवीन विद्या नव्हे. तीं दोन भोकें हीच तिची आजी.

माझे वडील, ज्यांना आम्ही सर्व नाना म्हणत असूं, यांनीं हाच उद्योग आमच्या घरीं केला होता. एका जुन्या किल्लीच्या ग्रामोफोनवर त्यांनीं पिकप बसविला आणि वायर रेडिओला जोडली. ग्रामोफोनचा वेग बरोबर आहे कीं नाहीं हें पाहण्याची त्यांची युक्ति मला अजून आठवते. कागदाची एक चकती, तिच्या कडेला ७७ काळ्या रेघा. ती फिरत्या तबकडीवर ठेवावयाची आणि विजेच्या दिव्याखालीं पाहावयाची. पन्नास आवर्तनांच्या विजेचा दिवा सेकंदाला शंभर वेळां उजळतो. म्हणून तबकडी मिनिटाला अठ्ठ्याहत्तरच्या जवळपास फिरत असली तर रेघा जागच्या जागीं उभ्या राहिल्यासारख्या दिसतात. पुढें सरकल्या तर वेग जास्त, मागें सरकल्या तर कमी. (हल्लींच्या कित्येक एल. ई. डी. दिव्यांखालीं ही गंमत दिसत नाहीं. त्याला जुनी चोकची ट्यूबलाइटच पाहिजे.) वेग चुकला तर सूर चुकतो, आणि गवयाची पट्टीच बदलून जाते. नाना म्हणत, "तबकडी म्हणजे गवयानें लिहिलेलें पत्र. निदान तें त्याच्या वेगानें तरी वाचावें."

'गीतरामायणा'च्या वेळचा उत्साहहि मीं त्यांच्याच तोंडून ऐकला, कारण तो माझ्या जन्मापूर्वींचा. १ एप्रिल १९५५ रोजीं पुणें केंद्रावरून पहिलें गीत झालें आणि पुढें वर्षभर माडगूळकरांचे शब्द व सुधीर फडके यांच्या चाली ठरल्या वेळीं घरोघर पोंचत राहिल्या. एकंदर छप्पन्न गीतें. त्या वेळीं ज्यांच्या घरीं रेडिओ नव्हता ते शेजाऱ्याच्या ओटीवर बसत. जें हुकलें तें पाहिजे तेव्हां पुन्हां मागतां येत नसे. म्हणून लोक वेळेवर येत.

लांब वाजणाऱ्या तबकड्या अमेरिकेंत सन १९४८ मध्यें निघाल्या. मिनिटाला ३३⅓ फेरे, आणि एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक गाणें. आमच्या संगीताला खरोखर मोकळा श्वास मिळाला तो येथें. सन १९५५ मध्यें अली अकबरखां यांच्या सरोदाची अशी तबकडी अमेरिकेंत निघाली, आणि पुढें आपल्याकडील ख्यालगायनहि तीन मिनिटांच्या तुरुंगांतून सुटलें. दोन कानांसाठीं दोन निराळे आवाज मुद्रित करण्याची युक्ति, म्हणजे स्टिरिओ, इंग्रज अभियंता अ‍ॅलन ब्लमलाइन यानें सन १९३१ मध्येंच पेटंट केली होती. बाजारांत तशा तबकड्या आल्या त्या १९५८ च्या सुमारास. अशा ध्वनीचें एक साधें गणित आहे, तें स्टिरिओ विकणारे सहसा सांगत नाहींत : दोन स्पीकर आणि ऐकणारा हे समभुज त्रिकोणाचे तीन कोन झाले पाहिजेत. आमच्याकडे एक स्पीकर कित्येक वर्षें कपाटावर आणि दुसरा शिवणयंत्राखालीं होता.

कॅसेट फिलिप्स कंपनीनें सन १९६३ मध्यें काढली. आमच्यासारख्यांच्या घरीं ती शिरली तें १९८० च्या आसपास. कॅसेटीचा गुण असा कीं, तिच्यामुळें केवळ ऐकण्याचें नव्हे, तर मुद्रण करण्याचें सामर्थ्यहि सामान्य घराच्या हातीं आलें. सन १९०२ मध्यें ज्या कामासाठीं कंपनीचा मनुष्य समुद्र ओलांडून आला, तें काम आतां शाळामास्तर लाल बटण दाबून करूं लागला. आमचे नाना दर एकादशीस घरीं अभंग म्हणत. गळा साधा, पण सुरेल. मिरजेचा एक तंबोरा होता, त्याची जवारी ते स्वतः लावीत. सन १९८४ मध्यें मीं त्यांचें गाणें सहा कॅसेटींत भरून घेतलें. त्यांची एक नक्कल सिन्नरला दिलेल्या माझ्या धाकट्या बहिणीला दिली, ती एकाच कॅसेटीची. पुढें चारच वर्षांनीं नाना गेले.

आतां संगणकाकडे वळूं. संगणकांत गाणें राहतें तें अंकांच्या रूपानें. आलेखाच्या कागदावर एखादी वक्ररेषा काढावयाची असेल तर आपण तिच्यावरील बिंदु घेतों, आणि बिंदु पुरेसे दाट असले म्हणजे रेषा परत तशीच काढतां येते. ध्वनीचेंहि तसेंच. ऐकूं येणाऱ्या सर्वांत उंच स्वराच्या आवर्तनांच्या दुपटीहून अधिक बिंदु दर सेकंदाला घेतले, तर ध्वनि पूर्ववत् उभा करतां येतो. हा सिद्धांत क्लॉड शॅनन यानें सन १९४९ मध्यें गणितानें मांडून दाखविला. मनुष्याचा कान फार तर सेकंदाला वीस हजार आवर्तनें ऐकतो. म्हणून सन १९८२ मध्यें जी सी. डी. निघाली तिच्यांत दर सेकंदाला ४४,१०० बिंदु घेण्याचें ठरलें, आणि प्रत्येक बिंदूची उंची ६५,५३६ पायऱ्यांवर मोजण्याचें. या रीतीनें एका तासाच्या गाण्याला सुमारें ६३५ मेगाबाइट जागा लागते. त्या काळच्या संगणकांना ही जागा म्हणजे वाड्यांत हत्ती बांधण्यासारखें होतें.

त्यावर जर्मनींतील फ्राउनहोफर संस्थेच्या व इतर शास्त्रज्ञांनीं तोड काढली, ती एम. पी. थ्री. मोठ्या आवाजाच्या शेजारचा बारीक आवाज कानाला ऐकूं येत नाहीं. मग तो ठेवावाच कशाला? असे न ऐकूं येणारे भाग टाकून देऊन गाणें अकरा पटींनीं लहान करतां येतें, आणि ऐकणाराला सहसा फरक समजत नाहीं. युक्ति मोठी हुशारीची आहे, यांत शंका नाहीं. परंतु तिला मर्यादा आहे. गाणें अकराऐवजीं बावीस पटींनीं लहान करूं लागलें, म्हणजे न ऐकूं येणाराबरोबर ऐकूं येणाराहि भाग जाऊं लागतो. आणि प्रथम काय जातें? वरचे सूक्ष्म स्वर, तंबोऱ्याची जवारी, गवयाचा श्वास, खोलीची पोकळी.

सन २००६ च्या सुमारास मीं नानांच्या सहाहि कॅसेटी शहरांतील एका दुकानांत संगणकावर उतरावयास दिल्या. आठ दिवसांनीं एक सी. डी. हातीं आली, आणि तिच्यांत सहाहि कॅसेटी मावल्या होत्या. मला आनंदच झाला. घरीं येऊन ती संगणकाच्या टेबलावरील दोन लहान स्पीकरांवर लावली. नानांचा आवाज ओळखूं आला. डोळे भरून आले. कॅसेटी जुन्या, फितीवर बुरशी धरूं लागलेली. त्या मीं दिवाळीच्या साफसफाईंत भंगारांत घातल्या. दुकानदारानें फसविलें असें मी म्हणत नाहीं. त्यानें मला कांहीं विचारलें नाहीं, आणि मींहि त्याला कांहीं विचारलें नाहीं.

सेवानिवृत्तीनंतर संगणक स्टिरिओला जोडावयाचा उद्योग केला तो या सी. डी.साठींच. पहिली चूक मीं भोकाची केली. अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीमागें 'फोनो' अशीं अक्षरें असलेल्या जागीं वायर खोवली. मला वाटलें, गाण्याचें भोक तें हेंच. वस्तुतः तें तबकडीच्या पिनेसाठीं असतें. पिनेकडून येणारी वीज जेमतेम कांहीं मिलिव्होल्ट. संगणकाकडून येते ती एक-दोन व्होल्ट, म्हणजे शेंकडों पटींनीं अधिक. शिवाय तबकडींत खर्ज मुद्दाम दाबलेला असतो म्हणून तें भोक खर्ज फुगवितें. नानांचा अभंग रांजणांतून आल्यासारखा, तोहि फाटका, ऐकूं आला. मग वायर 'ऑक्स' लिहिलेल्या जागीं आणली. आवाज शुद्ध झाला, आणि आरंभीं सांगितलेला 'घूं' मात्र उरला.

नातवाच्या लहान संगणकानें त्याचा उलगडा केला. तो बॅटरीवर चालवून जोडला तर 'घूं' बंद! चार्जर लावला कीं पुन्हां सुरू. मग ध्यानांत आलें. आमचा संगणक एका खोलींतील बोर्डावर आणि अ‍ॅम्प्लिफायर दुसऱ्या खोलींतील बोर्डावर होता. दोघांच्याहि तीन पिनांच्या प्लगांना आपापलें अर्थिंग. आणि मध्यें जोडलेल्या गाण्याच्या वायरीनें त्या दोन अर्थिंगांचें एक वेटोळें पुरें झालें. त्या वेटोळ्यांतून एकलहऱ्याचीं पन्नास आवर्तनें सुखेनैव फिरूं लागलीं. एका जाणत्यानें सल्ला दिला, "प्लगची तिसरी पिन काढून टाका, आवाज जाईल." आवाज जातो हें खरें; परंतु अर्थिंगची ती पिन प्राण वाचविण्यासाठीं असते, ती गाण्यासाठीं कोणींहि काढूं नये. मीं दोन्ही यंत्रांचे प्लग एकाच बोर्डावर आणले. वेटोळें आंखडलें आणि 'घूं' जवळजवळ नाहींसा झाला. तरीहि माउस हलविला कीं बारीक चिरचिर येई. ती संगणकाच्या पोटांतली, कारण तेथें अंकांचे ध्वनि करणारा भाग इतर सर्व गजबजाटाच्या मध्यें बसलेला असतो. मुलानें यू. एस. बी.ला लावावयाची एक डबी आणली. तिला डॅक म्हणतात. अंक बाहेर आणून त्यांचा ध्वनि त्या डबींत होतो. चिरचिरहि गेली. संगणकांतील आवाजाचा खटका पूर्ण ठेवून कमीजास्त करावयाचें तें अ‍ॅम्प्लिफायरवर, एवढी आणखी एक गोष्ट अनुभवानें शिकलों.

आणि मग, सर्व सांधे नीट बसल्यावर, मीं नानांची सी. डी. लावली.

आवाज त्यांचाच होता. परंतु तंबोरा नव्हता. होती ती तंबोऱ्याच्या जागीं एक घोगरी, पाण्याखालून आल्यासारखी सळसळ. ताना एकमेकींत मिसळलेल्या. दोन ओळींच्या मध्यें नाना जो श्वास घेत, तेथें कांहींच नाहीं. नुसती कोरी शांतता. नातवानें फाइल तपासून सांगितलें : सेकंदाला चौसष्ट हजार अंक, सी. डी.च्या मानानें बावीसावा हिस्सा. एकवीस भाग दुकानांत गळून पडले होते, आणि टेबलावरील त्या दोन डब्यांनीं इतकीं वर्षें मला तें कळूं दिलें नव्हतें. चांगल्या यंत्राला जोडल्यावर समजलें. पण तोंपर्यंत कॅसेटी भंगारांत जाऊन बरींच वर्षें लोटलीं होतीं.

अमेरिकेनें सन १९७७ मध्यें व्हॉयेजर नांवाचीं दोन यानें अंतराळांत सोडलीं, त्यांवर प्रत्येकीं एक सोनेरी मुलाम्याची तबकडी आहे. तींत गोव्याच्या केरी गांवीं जन्मलेल्या केसरबाई केरकर यांची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. ज्या अल्लादियाखांसाहेबांचा आवाज आपल्याजवळ उरला नाहीं, त्यांच्याच शिष्येचा आवाज आज सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर प्रवास करीत आहे. मला त्यांतील दुसरीच गोष्ट अधिक मोलाची वाटते. तबकडीबरोबर त्यांनीं पिकप आणि सुईहि ठेविली आहे, आणि झांकणावर खुणा कोरल्या आहेत कीं, तबकडी ३.६ सेकंदांत एक फेरा या वेगानें फिरवावी. ज्याला ती सांपडेल त्याच्याजवळ ग्रामोफोन असेल असें त्यांनीं धरून चाललें नाहीं. मीं मात्र कॅसेटी टाकल्या तेव्हां डेकचा रबरी पट्टाहि ढिला पडला होता, तो बदलण्याचा आळस केला होता.

बहिणीला फोन केला. तिच्याकडची एक कॅसेट कपाटांत, साडीच्या घडींत सुखरूप होती. ती घेऊन ती स्वतःच आली. डेकला नवा पट्टा बसविला, डोक्यावरचा मळ स्पिरिटानें पुसला, आणि डेकची वायर संगणकाच्या 'लाइन इन'मध्यें खोवून, सी. डी.च्या मापानें, कांहीं न टाकतां, एक बाजू उतरून घेतली. ही फाइल 'फ्लॅक' या रीतीनें ठेविली आहे. सन २००१ मध्यें निघालेल्या या रीतींत फाइल निम्म्याच्या आसपास येते, परंतु परत उघडतां एकहि अंक कमी होत नाहीं. जुन्या तबकड्यांचे संग्राहक अशीच काळजी घेत आले आहेत. मुंबईची 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था सन १९९० पासून जुन्या तबकड्यांचें संकलन व अभ्यास यांसाठीं झटत आहे. माझें आपलें एका बाजूचें, पंचेचाळीस मिनिटांचें काम.

तंबोरा आला. जवारीसकट. कॅसेटीची मूळची सरसर आहे, आणि तिच्याखालीं, फार बारीक, पन्नास आवर्तनांचा तोच 'घूं' आहे. सन १९८४ मध्यें आमच्या भिंतींतील विजेनें तो फितीवर उमटवून ठेवला होता. नानांचा षड्ज काळी एकचा, म्हणजे सेकंदाला सुमारें १३८.६ आवर्तनांचा, त्यांचा मंद्र पंचम सुमारें १०४ वर येतो. 'घूं'ची दुसरी पट पडते ती शंभरावर, म्हणजे पंचमाच्या किंचित् खालीं, बेसूर. नातू म्हणाला, "आजोबा, हा आवाज संगणकानें काढून टाकतां येईल." मीं मूळ फाइल तशीच ठेवावयास सांगितली, काढावयाचा तर तिच्या नकलेंतून काढावा. बहीण दोन स्पीकरांच्या मध्यें, त्रिकोणाच्या कोनावर बसली होती. बऱ्याच वेळानें ती म्हणाली, "दादा, मागें आईच्या बांगड्या वाजताहेत रे." मीं पुन्हां लावून ऐकलें. खरेंच; दुसऱ्या अभंगाच्या शेवटीं, उजव्या बाजूनें, ताट ठेवल्यासारखा आवाज आणि बांगड्या.

कॅसेटीची दुसरी बाजू अद्यापि उतरावयाची आहे. फितीला मध्यें एके ठिकाणीं चुणी पडली आहे, आणि सध्यां हवेंत दमटपणा फार आहे. तेव्हां पावसाळा संपेपर्यंत ती फिरवावयाची नाहीं, असें आम्हीं दोघांनीं ठरविलें आहे.